शाळेच्या बागेतला दोडका कोणाचा?

पत्र थोडक्यात : पुण्याच्या उपनगरात राहणारे एक निवृत्त आजोबा. नात तिसरीत. शाळेने विचारलं म्हणून त्यांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत जूनपासून तिच्या वर्गाची परसबाग केली. वर्गात 38 मुलं, शाळेत झाऱ्या दोन. भेंडी, गवार, वांगी, मिरची आणि कुंपणावर दोडक्याचा वेल. आजोबा रोज सकाळी सातला जाऊन तण काढून ठेवायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी सगळी तोडणी एकदम करून घेतली आणि भाजी सारखी वाटली. प्रत्येकाला दोन भेंड्या आणि एखादी मिरची मिळाली. शाळा सुटल्यावर त्यातल्या बऱ्याच भेंड्या पटांगणात पडलेल्या दिसल्या. एक मुलगा मात्र जूनपासून रोज मधल्या सुट्टीत झारी घेऊन बागेत असायचा. वाटणीच्या आदल्या दिवशी त्याच्या दप्तरात एक दोडका आणि मूठभर भेंड्या सापडल्या. "हा माझा दोडका आहे, वेलाला सुतळी मीच बांधली होती," असं तो म्हणाला. बाईंनी वर्गासमोर "ही चोरी आहे" असं सांगून भाजी काढून घेतली. दोडका ऑफिसातल्या टेबलावर पडून वाळला. मुलगा आता बागेकडे फिरकत नाही, आणि मुख्याध्यापिका फाटकाला कुलूप लावायचं म्हणताहेत. ज्याने कष्ट केले त्याला जास्त मिळावं, असं आजोबांना वाटतं. शाळेत सगळी मुलं सारखी, असं बाईंचं म्हणणं. नात म्हणते, "आजोबा, तुम्ही त्याचीच बाजू घेता." पुढच्या हंगामात वाटणी कशी करावी, की हे काम सोडूनच द्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

काका, नमस्कार.

काम सोडू नका. हे आधीच सांगते, कारण तुमच्या पत्रात रागापेक्षा वाईट वाटणं जास्त आहे, आणि अशा वेळी माणूस चांगलं चाललेलं काम अर्ध्यावर टाकतो. वाटणीबद्दल सविस्तर बोलूच. पण वाटणी पुढच्या हंगामाची आहे आणि तो मुलगा आज दुखावलेला आहे, म्हणून आधी त्याचं.

तुमच्या पत्रात मी एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. भाजी तयार झाल्यावर तिचं काय होणार, हे जून ते ऑक्टोबर या काळात मुलांना कुणी सांगितलं होतं का? तुम्ही त्यांना बी टोकायला शिकवलंत, आळी करायला शिकवलंत, वेल कसा चढवायचा ते दाखवलंत. पण भाजी कोणाची, हे थेट तोडणीच्या दिवशी कळलं. म्हणजे त्या मुलाने दोडका काढला तेव्हा मोडायला नियमच नव्हता. त्याने तो दप्तरात लपवला, हे खरं. कुणीतरी रागावेल एवढं त्याला कळत असणार. पण "हा मी घरी नेऊ का?" असं विचारायची सोयच नसेल, तर आठ वर्षांचं मूल दुसरं काय करणार? ज्याला चार महिने पाणी घातलं ते आईला नेऊन दाखवावं, असं त्याला वाटलं असेल, तर त्याला चोरी म्हणायला माझं मन तयार होत नाही.

वर्गासमोर उच्चारलेला शब्द वर्गासमोरच मागे घ्यावा लागतो. त्याला एकट्याला बाजूला घेऊन समजूत काढली, तर बाकीच्या 37 जणांच्या मनात तो शब्द तसाच राहील. हे बाईंनी करायला हवं, तुम्ही नाही. त्यांच्याशी बोलताना मात्र त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. सहामाही परीक्षा, पेपर तपासणं, 38 मुलं आणि वर ही बाग, अशा धावपळीत तोंडून गेलेला शब्द आहे तो. त्यांनी वर्गात एवढंच म्हटलं तरी पुरे : "बागेतली भाजी कोणाची, हे आपण आधी ठरवलंच नव्हतं. ते माझ्याकडून राहिलं. त्यामुळे परवा जे झालं ती चोरी नव्हती." मुलाला उभं करायचं नाही, नाव घ्यायचं नाही. मुलांना बरोबर कळतं.

मग तुम्ही त्याच्याकडे समजूत काढायला जाऊ नका, काम घेऊन जा. पावसाळ्यात लावलेली वांगी आता वाकायला लागली असतील. काठ्या घेऊन जा आणि सगळ्यांसमोर विचारा, "आधार द्यायचाय, सुतळी बांधायला कोण कोण येतंय?" आला तर आला. नाही आला तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी पुन्हा विचारा. भरपाई म्हणून त्याला बागेचा मॉनिटर मात्र करू नका, ते ओझं होतं. आणि घरी काही कमी आहे का, याची चौकशी तर अजिबात नको. असेल तर असो. पुढे मी जी पद्धत सुचवणार आहे, तिच्यात त्याच्या घरी भाजी पोचेल आणि ती का पोचली, हे कुणी विचारणार नाही.

आता तुमच्या म्हणण्याकडे येते. कष्ट करणाऱ्याला जास्त, हे ऐकायला रास्त आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण ह्याच शिकवणुकीत वाढलो. पण काका, झाऱ्या दोनच होत्या ना? त्यातली एक रोज त्या मुलाच्या हातात असेल, तर बाकीचे 37 जण पाणी कशाने घालणार होते? मधल्या सुट्टीत बागेत येऊ शकणारी मुलं कोण, हेही एकदा आठवून बघा. फळ्यावरचं उतरवून व्हायचं राहिलं म्हणून वर्गातच बसलेली, डबा सावकाश खाणारी, गांडूळ दिसलं की घाबरणारी, कपडे मळले की घरी बोलणी खाणारी मुलंही ह्याच वर्गात आहेत. ती आली नाहीत, याचा अर्थ त्यांना बाग नको होती असा लावता येत नाही. आणि सकाळी सातला तुम्ही तण काढून ठेवत होतात. बागेत सगळ्यात जास्त हात लागतात ते तण काढायलाच, आणि ते काम मुलं यायच्या आत संपलेलं असायचं. खरोखर कष्टाप्रमाणे वाटायचं ठरवलं, तर पहिला वाटा तुमचा. दुसरा बहुधा शाळेच्या मावशींचा, ज्या रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नळ सोडत असतील. त्या मुलाचा नंबर त्यानंतर.

त्या मुलाची मेहनत यामुळे कमी होत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की मुलांचे कष्ट असे मोजता येत नाहीत, कारण कामच सगळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

तुमच्यात आणि बाईंमध्ये जो मतभेद आहे, तोच ह्या वयाच्या मुलांच्या मनातही चालू असतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना छोट्या गोष्टी सांगून काय योग्य आणि काय अन्याय, असं विचारलं होतं. साधारण आठ ते अकरा वर्षांची मुलं "सगळ्यांना सारखं" यावर अडून बसायची. त्याहून मोठी मुलं कोणाची परिस्थिती काय, हेही बघायला लागायची. तुमची तिसरीची मुलं या वाटेच्या सुरुवातीला आहेत. त्यांना तयार उत्तर देण्यापेक्षा या प्रश्नावर भांडू देणं जास्त उपयोगाचं. बागेसारखी त्याला दुसरी जागा नाही.

बाईंच्या "सारखं"बद्दलही एक शंका आहे. शालेय पोषण आहाराचा निकष पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजीचा आहे. त्या हिशेबाने 38 मुलांना एका वेळेला जवळपास दोन किलो भाजी लागते. तुमच्या वाफ्यांतून एका दिवशी तेवढी क्वचितच निघेल. म्हणून दोन भेंड्या. दोन भेंड्यांची भाजी होत नाही. घरी त्या फोडणीच्या कढईत बाजारच्या भेंड्यांबरोबर मिसळून जातात, किंवा फ्रीजच्या तळाशी पडतात. पटांगणात भेंड्या टाकणारी मुलं बेफिकीर आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, त्या दोन भेंड्यांचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनाही सुचलं नाही.

तर मग काय करायचं?

प्रत्येकाला स्वतंत्र वाफा द्यावा, असं तुमच्या मनात येऊन गेलंय. मी तो देणार नाही. भिंतीच्या सावलीत ज्याचा वाफा येईल त्याचं काहीच येणार नाही आणि नळाजवळच्याचं भरभरून येईल. मग सगळं वर्ष "माझं बघ, तुझं बघ" यातच जातं. पण ते मनात आलं यामागची गरज खरी आहे. प्रत्येक मुलाला पूर्णपणे स्वतःचं असं काहीतरी हवंच असतं. त्यासाठी वाफा लागत नाही. दह्याच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, माती भरा आणि घरच्या डब्यातली चमचाभर मेथी त्यात पेरू द्या. तीन-चार दिवसांत ती वर येते. डब्यावर नाव, डबा वर्गाच्या खिडकीत, आणि बोटभर वाढली की घरी. ती त्याची, कुणाला द्यायला नको. स्वतःचं काही हातात असलं की वाफ्यातलं सोडून द्यायला मुलांना जड जात नाही.

वाफ्यांसाठी मी पाळीची पद्धत सुचवते. तोडणी एकदम करूच नका. भेंडी, गवार तर दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते, नाहीतर जून होते. सगळी तोडणी एका दिवसावर ठेवलीत तेव्हा निम्म्या भेंड्या जून झाल्या असतील, तेही फेकण्याचं एक कारण असावं. ज्या दिवशी जेवढं निघेल, तेवढं सगळं एकाच घरी द्या, किंवा जास्त असेल तर दोन घरी. पाव-अर्धा किलो पालक म्हणजे चार माणसांच्या घराची एक वेळची पातळभाजी. कोणाच्या घरी, हे चिठ्ठी टाकून ठरवा. ज्याचं झालं त्याची चिठ्ठी बाजूला. सगळ्यांचं एकदा होईपर्यंत कुणाचं दुसऱ्यांदा नाही. भाजी नेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं : कशी केली, कुणी केली, कुणाला आवडली, कुणी ताटात टाकली. पालक एका घरी डाळ घालून होतो, दुसऱ्या घरी ताकातला होतो, तिसऱ्या घरी मुलं खातच नाहीत. हे ऐकताना बाकीची 37 मुलं आपली पाळी कधी याची वाट बघतील. यात बाईंचं "सारखं"ही राहतं. ते एका दिवसात न होता सगळ्या हंगामात मिळून होतं, एवढंच.

हिवाळ्यासाठी हे सोपं आहे. मेथीची एक ओळ दर आठवड्याला टाका, म्हणजे महिन्याभराने दर आठवड्याला एक ओळ उपटायला येईल. पालक मुळासकट उपटू नका. बोटभर ठेवून कापला तर पुन्हा फुटतो, म्हणजे एकाच वाफ्यातून तीन-चार घरांचं होतं. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. पेरल्यावर आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि मुलं उकरून बघतात. बघू द्या. एका कोपऱ्यात उकरून बघायलाच म्हणून थोडे पेरा.

आणि सगळ्यांनी मिळून खायचा एक दिवस ठरवा. मी भोगी निवडेन. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या त्या भाजीत वांगी, गाजर, घेवडा, मटार, पावटा, सोलाणे, शेंगदाणे, तीळ, जे हाताशी असेल ते सगळं जातं. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. घेवडा आणि मटार आत्ता टोकलेत तर संक्रांतीच्या सुमाराला शेंगा मिळतील. वांगी तुमच्याकडे आहेतच. गाजराला वेळ लागतो, ती आणि पावटा मंडईतून आणा. मुलांनी घरून मूठभर शेंगदाणे किंवा तीळ आणायचे. कढई एकच असली की कोणाचं वांगं आणि कोणाचे तीळ, हे शोधत बसता येत नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या, गॅसजवळचं काम त्यांचं. शेंगा सोलणं, भाज्या धुणं, तीळ भाजताना वास घेणं एवढं मुलांना भरपूर आहे. कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारून घ्या.

अभ्यासाचा वेळ जातो, असं कुणी म्हणेल. नई तालीमची, म्हणजे हाताने काम करता करता शिकण्याची, कल्पना गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली, आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती आणि स्वयंपाक हा आजही शिकण्याचाच भाग आहे. अलीकडे, 2019 साली, केंद्र सरकारनेही शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुख्याध्यापिकांशी बोलताना हे सांगा, कागदाचा आधार असला की त्यांनाही सोपं जातं.

हे सगळं पेरणीच्या दिवशीच ठरवा, आणि मुलांनाच ठरवू द्या. त्यांना मोकळं विचारा : पाळी चुकवली तर काय, आजारी पडलं तर काय, एखादी शेंग तोडून खावीशी वाटली तर काय? शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर "खाऊ द्या" असं आहे. त्या दिवशी ज्यांची कामाची पाळी, त्यांनी एक शेंग किंवा मुळ्याचा एक तुकडा धुऊन तिथेच खायचा. एवढी मुभा असेल तर कुलपाची गरज उरेल, असं मला वाटत नाही. तरीही मुख्याध्यापिकांना भटक्या जनावरांची किंवा बाहेरच्यांची काळजी असेल आणि कुलूप लावावंच लागलं, तर किल्ली मुलांना माहीत असलेल्या खिळ्यावर टांगा.

कामाची विभागणी मात्र तुम्ही करून द्या. सहा-सात जणांचे सहा गट, दर आठवड्याला काम बदलायचं : पाणी, तण, किडे बघणं, तोडणी, पालापाचोळा आणून खताच्या खड्ड्यात टाकणं, आणि वहीत नोंद. गांडुळाला घाबरणारीला नोंदीने सुरुवात करू द्या. झाऱ्या विकत घेऊ नका, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या झाकणाला भोकं पाडली की 38 झाऱ्या होतात. भेंडी तोडताना कुसांनी हात खाजतात, त्यासाठी जुने पायमोजे हातात घालायला द्या. बी शक्यतो स्वयंपाकघरातलं वापरा. पाकिटातलं गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं बी म्हणजे त्यावर बुरशीनाशकाचा थर असतो, ते मुलांच्या हातात द्यायचं नाही, तुम्हीच पेरा आणि हात धुवा.

गावाकडची सावड तुम्ही पाहिली असेल. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. कोण किती वाकलं हे तिथे कुणी मोजत नाही, पण कोण आलंच नाही हे सगळ्यांच्या लक्षात असतं. मुलांच्या गटातही तसंच होईल. कुणी सारखी दांडी मारली तर बाकीची मुलं त्याला विचारतील, आणि त्यांनी विचारलेलं तुमच्या रागावण्यापेक्षा जास्त लागेल. तुम्ही मध्ये पडू नका. फक्त विचारण्याचं टोमणे मारण्यात रूपांतर होतंय का, तेवढं बघा.

आता तुमच्याबद्दल. सकाळी सातला जाऊन बाग स्वच्छ करून ठेवणं थांबवा. मला माहीत आहे, सरळ ओळी आणि तण नसलेला वाफा बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. पण मुलांची बाग थोडी विस्कटलेलीच असते. तण वाढलं, माव्याची कीड पडली, पाणी जास्त झालं, तर ते त्यांनी बघायला हवं. मावा दिसला की निंबोळी अर्क कसा करायचा ते शिकवा, रात्रीत जाऊन फवारून येऊ नका. नातीचं म्हणणंही मनावर घ्या. ती त्या मुलाचा मत्सर करते, असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तिला तिचे आजोबा 37 जणांबरोबर वाटून घ्यावे लागताहेत आणि ते तिला अवघड जातंय. तिच्यासाठी घरी गॅलरीत एक कुंडी ठेवा, तुमची आणि तिची. शाळेत मात्र ती तिच्या गटातलीच एक.

पुढचं एक काम मार्चमध्येच करायचं आहे. एप्रिल-मे रिकामे जातात, तेव्हा वाफ्यांवर पालापाचोळ्याचा जाड थर टाकून ते झाकून ठेवा. कढीपत्ता आणि शेवगा लावलात तर उन्हाळ्यात मावशींनी अधूनमधून पाणी घातलं तरी तगतात. जूनमध्ये ही मुलं चौथीत जातील आणि वाफे नव्या तिसरीकडे येतील. तेव्हा शेवग्याला येणाऱ्या शेंगा कोणाच्या, राखून ठेवलेलं भेंडीचं बी कोणाचं, खताचा खड्डा कोण भरणार, यावरून पुन्हा वाद होईल. तो वाद सुट्टी लागायच्या आत दोन्ही वर्गांना समोरासमोर बसवून घालू द्या, आणि जे ठरेल ते त्यांच्याच अक्षरात कार्डशीटवर लिहून फाटकाजवळ लावा.